थप्पीखालची पंगत

आमच्या साडभाऊंइतका भित्रा माणूस अकोल्याच्या बाजारात झाला नाही, आणि आपला भित्रेपणा इतक्या ऐटीत मिरवणाराही दुसरा कोणी झाला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. अंगानं पहिलवान; मिशा अशा की समोरचा आपोआप वाट द्यायचा. साप शेपटीला धरून बांधापलीकडे भिरकावताना मी त्यांना पाहिलं आहे. पण डोक्याच्या वर काही ठेवलेलं दिसलं की गडी पांढराफटक. कोणाच्या घरी गेले की रामरामाच्या आधी आढ्याकडे बघायचे. देवळातली घंटा बाजूला उभं राहून उपरण्याच्या टोकानं वाजवायचे. देव समजून घेतो, घंटा घेत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरात शिंकाळं नाही, फळी नाही, लोणच्याची बरणीसुद्धा जमिनीवर. त्यामुळे दूध बहुतेक मांजरच प्यायचं. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, करवादली की शांतपणे म्हणायचे, "मांजर पेते तं पेऊ दे. तुयं डोस्कं शाबूत हाय नं?"

आता अशा माणसानं धंदा कोणता करावा? तर कापसाच्या वखारीचा. वखार वडिलांची. तिथंच लहानपणी त्यांनी एका हमालाला कापसाच्या गठाणीखाली, दाबून बांधलेल्या गठ्ठ्याखाली, चिरडून मेलेलं पाहिलं होतं. त्या हमालाच्या खांद्यावर बसून ते जत्रा बघत. ही गोष्ट मला अक्कानं सांगितली. ते स्वतः कधी बोलले नाहीत. त्यांनी फक्त आपल्या वखारीला एक रीत लावली. गठाणींची थप्पी माणसाच्या उंचीच्या वर न्यायची नाही, पायऱ्यापायऱ्यांनी रचायची, आणि ज्यानं रचली त्यानं दुपारची भाकर तिच्याच पायथ्याशी बसून खायची. मालकानंही त्याच पंगतीत बसायचं. "रचनाऱ्याले तिथंच जेवा लागते म्हनलं की हात बरोबर चालते," असं ते सांगायचे. वरणाचा हंडा अक्काकडून यायचा. कधी अंबाडीची भाजी, कधी नुसता ठेचा, पण पंगत चुकली नाही.

तशात तिकडे अमेरिकेत गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं. बाळापुराकडून, मूर्तिजापुराकडून बैलबंड्यांच्या रांगा अकोल्यात शिरू लागल्या. वखारी कमी, माल उदंड. सगळ्यांच्या थप्प्या छपराला टेकल्या. आमच्या साडभाऊंच्या तेवढ्या खाली बसलेल्या. बाजारात लोक विचारत, "काय पाटील, कापूस ठेवता का पापड वाळवता?" अक्का रडकुंडीला आली. माल शेजारच्या वखारीत जायचा आणि ही बाई रोज हमालांना वरण वाढायची. मीही समजावून पाहिलं. म्हटलं, भाऊ, असे दिवस पुन्हा येणार नाहीत, थोडी उंच करा.

एकदा मुंबईच्या एका मोठ्या व्यापाऱ्याचा दलाल आला. साऱ्या हंगामाचा माल देतो म्हणाला, मात्र थप्पी छपरापर्यंत हवी. आम्ही श्वास रोखून उभे. साडभाऊ चक्क हो म्हणाले. एक थप्पी उंच लावून घेतली, तिच्याखाली पाट मांडला, आणि दलालाला हात जोडून म्हणाले, "आमच्याइथं रीत हाय. पयले तुमी जेवा." दलाल हसत बसला. पहिला घास घेताना त्यानं वर पाहिलं. दुसरा घेताना पुन्हा पाहिलं. तेवढ्यात वरून कापसाचा एक पुंजका अलगद त्याच्या वरणात पडला. नुसता पुंजका. पण तो गृहस्थ हात न धुता उठला आणि त्याचा सगळा माल शेजारच्या वखारीत गेला. अक्का त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही.

शेजारच्या वखारीत साडभाऊ पाय ठेवत नसत. पण दुपार झाली की रस्त्यावर उभे राहून आत हाक मारायचे, "चला रे, जेवाले चला." ते हमाल त्यांचे नव्हेत, माल त्यांचा नव्हे, तरी हाक रोजची. तिथला मालक वैतागायचा. पण फुकटचं वरण कोण सोडणार? सगळे जायचे. मीही कापसाचाच व्यापारी; त्या हंगामात माझा अमरावतीहून आणलेला कापूसही शेजारीच होता, कारण साडभाऊंकडे त्यांच्या रीतीमुळे जागा उरली नव्हती. एके दुपारी मी तिथं थप्पीपाशी उभा राहून माल लावून घेत होतो. हाक आली. मी म्हटलं, एवढी बंडी रिकामी होऊ दे. तर हा माणूस रस्त्यावरून गरजला, "बापू, कापसाले भूक नाही लागत. तू ये आंधी."

पाटावर बसलो, भाकर मोडली, आणि शेजारी आभाळ कोसळल्यासारखा आवाज झाला. वजन वाढवायला कोणीतरी पाणी मारलेल्या गठाणी तळाला गेल्या होत्या. त्या दबल्या आणि अख्खी थप्पी पुढे आली. मी उभा होतो त्या जागेवर आता कापसाचा डोंगर होता. त्याखाली माणूस एकही नव्हता.

साडभाऊ उठले. पंगतीतून फिरत त्यांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला. आपल्या हमालाच्या, शेजारच्या हमालाच्या, सरतेशेवटी माझ्या. अक्का वरणाची पळी हातात धरून उभ्या उभ्या रडत होती, आणि त्यांच्याशी बोलू लागली ती त्याच दुपारी.

पुढं लढाई संपली, भाव बसले, उंच वखारी ओस पडल्या. साडभाऊही गेले, अंथरुणात, म्हातारे होऊन. आम्हा साडवांमध्ये एकमेकांची थट्टा करायची पद्धत, उपकार बोलून दाखवायची नाही. थप्पी कोसळली त्या दुपारीही माझ्या तोंडून एवढंच निघालं होतं, "भाऊ, वरणात मीठ कमी आहे." त्यांनी मीठ वाढलं. आज माझ्या मांडीवर नातवंडं खेळतात, आणि मीठ वाढणारा तो हात मला पुन्हा डोक्यावर हवासा वाटतो.