आक्काच्या हातचं कुंकू

अकोल्याहून कार्ड आलं तेव्हा मी अमरावतीला माझ्या स्वयंपाकघरात आवळे किसत बसले होते. ‘वहिनी परवा गेल्या,’ एवढाच मजकूर, आक्काच्या दिराचा. मी उठून अंघोळ करायला हवी होती, पण उरलेले आवळे किसून संपवले आणि मग रडले. आश्विनात हात रिकामे ठेवायचे नाहीत, ही खोड मला तिचीच.

आक्का माझी थोरली बहीण, जठारपेठेतल्या वकिलांच्या घरी दिलेली. पाऊस उघडून ऊन कोरडं झालं की तिचे हात शिवशिवायला लागत. काजळ धरायची, उटणं कुटायची, पण खरं वेड कुंकवाचं. हळकुंडं फोडून लिंबाच्या रसात सवागीचा खार घालून भिजवायची, सावलीत वाळवायची, रोज खालीवर करायची, मग कुटून वस्त्रगाळ. दिवाळीच्या आधी शेजारणी करंडे घेऊन दारात उभ्या! बाजारच्या कुंकवाला ती विटेचा भुगा म्हणे.

मेहुणे नागपूरला अपिलासाठी गेले ते ताप घेऊनच परतले आणि आठवड्यात संपले. आक्का एकतीस वर्षांची होती. पुढच्या आश्विनात सासूनं खलबत्ता धाकट्या जावेपुढे सरकवला. विधवेनं कुंकवाला हात लावायचा नाही, हे बोलून दाखवायचीही कुणाला गरज वाटली नाही. धाकटीचं कुंकू काळपट निघालं. आक्का माजघराच्या दारातून म्हणाली, “लोखंडाच्या कढईत काहून भिजवलं व? काळंच पडते मंग.”

त्यानंतर दरवर्षी कोठीघराचं दार लोटून आक्काच सगळं करायची आणि बाहेर नाव धाकटीचं व्हायचं. ‘काय रंग साधलाय हो!’ असं बायका म्हणत आणि धाकटी लाजून हसे. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो. आक्काला येत नसे. “नाव कोनाचंही होऊ दे,” ती म्हणायची, “मले करू देतात ना!”

माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आक्का आदल्या दिवशी आली. मला बाजूला घेऊन तिनं पदराखालून डबी काढली. “हे म्या केलं. कोनाले सांगू नोको. पोरीच्या कपाळी लावजो.”

मी डबी घेतली... आणि भ्याले. मी, चार बुकं शिकलेली, तिच्या सासरला नावं ठेवणारी! विधवेच्या हातचं कुंकू, आणि पोरीचं काही बरंवाईट झालं तर? डबी ट्रंकेच्या तळाशी टाकली आणि बाजारातून पुडी आणवली.

लग्न लागलं तेव्हा आक्का आत सुपाऱ्या निवडत बसली होती. मुलगी पाया पडायला गेली. आक्कानं तिची हनुवटी वर केली, क्षणभर कपाळाकडे पाहिलं, आशीर्वाद दिला. मुलगी गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाजारचं हाय.” एवढंच. ती भांडली असती तर मी पाय धरले असते. ती पुन्हा सुपाऱ्या निवडायला लागली.

पुढच्या आश्विनात मी अकोल्याला गेले तर आक्का मांडीत हात घेऊन बसलेली. कुंकू नाही, काजळ नाही, काहीच नाही. विचारलं तर म्हणाली, “हात दुखतात.” मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते? मरेपर्यंत तिनं काही केलं नाही.

तेराव्याला गेले तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. धाकटी एकाएकी रडत म्हणाली, “ते कुंकू माह्यं नव्हतं. इतके वर्स जाऊबाईच करत होत्या.” एकीचा हात आपसूक कपाळाकडे गेला. वर्षानुवर्षं लावलं होतं सगळ्यांनी, आणि नवरे धडधाकट होते.

मग धाकटीनं माझा हात धरला. “तुमच्या पोरीच्या लग्नात तर उघड लावलं होतं ना? जाऊबाई किती खुश होत्या! म्हनत, माह्या बहिनीनं माह्या हातचं कुंकू पोरीच्या कपाळी लावलं, आता पुन्हा नाई केलं तरी चालते.”

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या, आदरानं.

मी म्हणाले, “हो.”