चिसोमोचा ताप

शारजातल्या आमच्या अल मजाजच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं काही अडलं की लोक आधी एडनाला सांगायचे आणि मग सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरला जायचे. कुणाचा व्हिसा अडकला, कुणाच्या नवऱ्याची नोकरी डळमळली, कुणाच्या मुलाची परीक्षा, सगळं तिच्या रोझरीच्या माळेत जायचं. माझी गाडी तर तिनं कितीदा लावून दिली. तळ्याकाठी संध्याकाळी पार्किंग मिळणं म्हणजे लॉटरी, मी स्टिअरिंगवर हात आपटत फेऱ्या मारायची आणि ही शेजारी बसून म्हणायची, "थांब ग, सेंट अँथनीला सांगते." डोळे मिटायची, ओठ हलवायची, आणि समोरची कोरोला खरंच निघायची. मला हसू यायचं आणि रागही यायचा. माझं आणि देवाचं बेताचंच आहे; सणावारी भेट, तीही घाईत. हिचं म्हणजे गॅलरीतून शेजाऱ्याशी बोलावं तसं. तरी माझ्या मिहिकाचा बारावीचा निकाल लागायचा त्या सकाळी मीच जाऊन तिची बेल वाजवली होती. अडला हरी म्हणतात ना, तशातली गत.

एडना तुस्कानो मूळची वसईची, भुईगावची. वडिलांची केळीची वाडी होती. लग्न करून शारजात आली त्याला तीसएक वर्षं झाली. दुबईत देरातल्या एका कार्गो ऑफिसात ॲडमिन. रोज सकाळी कार लिफ्टमध्ये, म्हणजे महिन्याच्या भाड्यानं चार-पाच जणांनी ठरवलेल्या गाडीत, दाटीवाटीनं बसून जायची आणि त्या ट्रॅफिकमध्ये माळ ओढायची. तिचा नवरा डेरिक एका हॉटेलच्या बँक्वेटमध्ये होता. गोरा, गुबगुबीत, ख्रिसमसला आमच्याकडे केकसोबत स्वतःच्या हातचं लोणचं घेऊन येणारा. मूलबाळ नव्हतं. कोविडच्या वर्षी डेरिक हॉस्पिटलात गेला तेव्हा अख्ख्या बिल्डिंगनं त्याच्यासाठी झूमवर रोझरी म्हटली. मीसुद्धा देवाजवळ दिवा लावला होता. तो परत आला नाही.

एडना देवावर चिडलेली मी पाहिली नाही. फक्त एकदा, त्याचे शर्ट घडी करून बॅगेत भरताना म्हणाली, "साधना, एवढ्या लोकांचं ऐकलं त्यानं. माझंच तेवढं राहिलं." मी एक शर्ट उचलून घडी करायला घेतला.

मग तिच्या आयुष्यात ब्रदर जेरार्ड आले. हेही वसईचेच, चर्चमधल्या प्रार्थना गटाचे पुढारी. ब्रदर म्हणजे मठातले नव्हेत. विमा विकतात, पण बोलायला लागले की वाटावं स्वर्गाची एजन्सी यांच्याकडेच. ते दर वर्षी इस्टरनंतर गटातल्या सात-आठ जणांना मलावीमधल्या एका गावात सेवेला न्यायचे. एडनानं वर्षाची रजा साठवली आणि नाव दिलं. "सहा हजार दिरम! म्हणजे जवळजवळ दीड लाख रुपये," मी म्हणाले, "तेवढ्यात भुईगावच्या घरावर नवं छप्पर होईल." ती हसली आणि साबण, पेन्सिली, बिस्किटं, मुलांची औषधं यांनी बॅग भरायला लागली.

तिथं पोचल्यावर आठवड्यानं तिची व्हॉइस नोट आली. मागं ढोल, गाणं, आणि ही रडत बोलतेय. "साधना, एक लहान बाळ आहे ग, दोन वर्षांचं, चिसोमो नाव. तापानं नुसतं फणफणलं होतं. मी डोक्यावर हात ठेवला, सगळ्यांनी प्रार्थना केली, आणि उतरला ताप! खलास! थंडगार! माझं ऐकलं त्यानं, साधना, माझं ऐकलं!" मला हे चमत्कार-बिमत्कार पटत नाहीत. पण तिचा तो आवाज डेरिक गेल्यापासून मी ऐकलाच नव्हता, म्हणून ती नोट मी पुन्हा लावली.

परत आली ती दहा वर्षांनी लहान होऊन. चर्चच्या हॉलमध्ये तिनं साक्ष दिली. देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून चारचौघांत सांगायचं, याला ते लोक साक्ष म्हणतात. ती मलाही घेऊन गेली होती. ती चिसोमोचं सांगत होती, लोक हालेलुया म्हणत होते, आणि ब्रदर जेरार्ड फोनवर शूटिंग करत होते. ती क्लिप दुसऱ्या दिवशी अबू धाबीपर्यंत पोचली. आमच्या बिल्डिंगमध्ये बेल वाजवणाऱ्यांची रांग वाढली.

नंतरच्या आठवड्यात मी पोळ्या लाटत होते तेव्हा ती आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. "तो गेला," म्हणाली.

"कोण?"

"चिसोमो. आम्ही निघालो त्यानंतर तिसऱ्या दिवशी. फिरीचा मेसेज आज आला." फिरी म्हणजे त्या गावचा धर्मशिक्षक, गावात इंग्रजी येणारा तोच एक.

असं काही ऐकलं की आपण म्हणतो तेच मी म्हणाले. "देवाची मर्जी, एडना."

"देवाचं नाव घेऊ नको!" ती ओरडली. एवढ्या वर्षांत ती माझ्यावर कधी आवाज चढवून बोलली नव्हती. मग खाली, फरशीवरच बसली. "मी त्याला तापाचं सिरप दिलं होतं, साधना. प्रार्थनेच्या आधी. कुणालाच माहीत नाही."

मी गॅस बंद केला. तिनं सगळं सांगितलं. चिसोमोची आई तियामिके, शहाणी बाई. त्या सकाळी मुलाला कापडानं पाठीवर बांधून दवाखान्यात निघाली होती. दवाखाना म्हणजे अर्ध्या दिवसाची पायपीट. ब्रदर जेरार्डनी तिला वाटेत थांबवलं. म्हणाले, आधी प्रार्थना, मग दवाखाना. लोक जमेपर्यंत ती सासूला बोलवायला गेली आणि मूल एडनाच्या मांडीवर ठेवून गेली. एडनाच्या पर्समध्ये सिरप होतं. कुणीही देईल तसं तिनं एक चमचा दिलं. मग आई आली, सगळे आले, हात ठेवले, गाणी झाली. तासाभरानं कपाळ थंड.

"मी सांगणारच होते ग. पण ती माझ्या पाया पडली. सगळे माझ्याकडे बघून गायला लागले. आणि मला... मला खरंच वाटलं, साधना, सिरपनं नाही, माझ्यामुळे. डेरिकच्या वेळी झालं नाही ते आत्ता झालं."

तियामिकेनं पाठीवरचं कापड सोडलं. देवानं बरं केलेल्या मुलाला दवाखान्यात कशाला न्यायचं? दुसऱ्या दिवशी शारजाचा गट निघाला. मलेरियाचा ताप एका चमच्यानं थोडाच जातो? तो पुन्हा चढला, तेव्हा तिनं पाहुण्यांनी दाखवलं होतं तेच केलं. हात ठेवला, गाणं म्हटलं, वाट पाहिली. शेवटी निघाली, तर मूल वाटेतच गेलं.

मला तिचा भयंकर संताप आला. एवढंसं वाक्य होतं, बाई, औषध दिलंय, तरी दवाखान्यात जा. तेवढं बोलायला काय झालं होतं? मी तोंडावर तसं म्हणालेही. ती मान खाली घालून ऐकत राहिली, आणि मग मी चहा टाकला, कारण दुसरं काय करावं ते मला कळेना.

ती ब्रदर जेरार्डकडे गेली. ते म्हणाले, "सिस्टर, ताप उतरला की नाही? मग साक्ष खरीच आहे. औषधातूनही प्रभूच काम करतो. लोकांना कन्फ्यूज करू नका." त्यांनी गटातल्या कुणाला काही कळू दिलं नाही. ती क्लिप फिरतच राहिली. त्या माणसाला झोप कशी लागते हे मला अजून समजलेलं नाही.

आणि दर रविवारी फिरीचा मेसेज यायचा. तियामिके नमस्कार सांगते. देवानं लेकराला थोडे दिवस परत दिलं, ते मॅडममुळे. ती मॅडमसाठी रोज प्रार्थना करते. एडना तो मेसेज माझ्याकडे येऊन वाचायची आणि पुढ्यातलं ताट तसंच राहायचं. तिचं स्वतःचं प्रार्थना करणं केव्हाच थांबलं होतं. लोकांना हो म्हणायची, दार लावायची आणि पॅसेजमध्ये नुसती उभी राहायची. "शब्द येतात ग, पण पलीकडं कुणी नाही असं वाटतं," म्हणाली. मी नास्तिक नाही आणि आस्तिकही धड नाही, पण तिचं ते बोलणं मला ऐकवेना. डेरिक गेला तेव्हा तिच्याजवळ निदान तो पलीकडचा होता.

जानेवारीत मेसेज आला की तियामिके पुन्हा पोटुशी आहे. मॅडमनी या बाळावरही तशीच प्रार्थना करावी, आजारी पडलं तर फोनवरून करावी.

"सांगून टाकू का तिला?" एडनानं विचारलं.

मी म्हणाले, "कशाला? तुझं मन हलकं होईल आणि तिचं जन्माचं जड. आत्ता तिला वाटतंय देवानं नेलं. राहू दे ना तसंच."

मिहिका डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. वर न बघता म्हणाली, "आंटी, यू हॅव टू टेल हर. शी थिंक्स इट वर्क्स."

बरोबर होतं पोरीचं. उद्या त्या बाळाला ताप आला तर आई त्याला पाठीवर बांधणार नव्हती, फोन लावणार होती.

शनिवारी दुपारी आमच्याच टेबलावरून फोन लावला. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं इथं चालत नाही, म्हणून साधा इंटरनॅशनल कॉल, स्पीकरवर. फिरीनं तियामिकेला बोलावून ठेवलं होतं. एडना इंग्रजीत एकेक वाक्य बोलायची, तो त्यांच्या भाषेत सांगायचा. सिरपचं वाक्य आलं तेव्हा तो थांबला.

"मॅडम, हे मी तिला सांगू?"

"सांगा."

त्यानं सांगितलं. पलीकडे कुठंतरी कोंबडा आरवला, एक सायकल खडखडत गेली. मग तियामिके बोलली. आवाज चढला नाही.

"ती म्हणते, मी निघाले होते," फिरी म्हणाला.

"हो."

"म्हणते, मूल पाठीवर बांधलेलं होतं."

"हो, फिरी. मी पाहिलं होतं."

एडनानं माफी मागितली. एकदा, मग पुन्हा, मग मराठीतच, ते फिरीला कसं कळणार? त्यानं सांगता येईल तेवढं सांगितलं. त्यावर तियामिकेनं उत्तर दिलं नाही. एडनानं टेबलाची कड धरून ठेवली होती. मी तिच्या हातावर हात ठेवला तर तिनं आपला काढून घेतला.

मग पुन्हा तियामिकेचा आवाज आला, मोजक्याच शब्दांत.

"ती म्हणते, हे बाळ आजारी पडलं तर ती थेट दवाखान्यात जाईल. कुणासाठी थांबणार नाही."

"थँक गॉड," एडनाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, आणि तिनं जीभ चावली.

"आणि मॅडम," फिरी घुटमळला. "ती म्हणते, या बाळासाठी तुम्ही प्रार्थना करू नका."

एडनानं फोन जवळ ओढला. जन्मभर अख्ख्या बिल्डिंगसाठी, माझ्या गाडीसाठी, माझ्या मुलीसाठी देवाकडे हात पसरलेली बाई ती.

"सांगा तिला," ती म्हणाली, "नाही करणार."