गिरगावच्या नाताळात माझ्या नावाचा कप

नाताळात गिरगावला ये, असं फिलू मला गेली तीस वर्षं म्हणते आहे आणि तीस वर्षं मी काही ना काही कारण काढते आहे. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं पथ्यपाणी, मग ह्यांचं आजारपण. या डिसेंबरात सगळी कारणं संपली. पुण्याच्या घरात आता मी एकटी. "वसू, या वेळी नाही म्हणालीस तर परत विचारणार नाही," असा तिचा फोन आला आणि मी दादरच्या बसचं तिकीट काढून टाकलं.

न जाण्याचं खरं कारण मात्र वेगळं होतं. फिलोमिना माझी शाळेतली मैत्रीण. गिरगावातल्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही दहा वर्षं एका बाकावर बसलो. आम्ही फणसवाडीतल्या चाळीत राहायचो, ती दोन गल्ल्या सोडून ख्रिश्चनांच्या वाडीत. पाचवीत असताना तिच्या मम्मीला बाळंतपणासाठी हॉस्पिटलात नेलं आणि डॅडी बोटीवर होते, म्हणून फिलू दोन रात्री आमच्याकडे राहिली. आईनं तिचं खूप केलं. वेणी घालून दिली, शिरा केला, रात्री दोनदा उठून पांघरूण सारखं केलं. पण दूध दिलं ते गॅलरीच्या कोनाड्यातल्या निळ्या फुलांच्या कपात. आम्ही सगळे स्टीलच्या पेल्यातून प्यायचो. तो कप 'बाहेरच्यां'साठी होता. पिऊन झालं की फिलू तो स्वतः विसळायची आणि आई त्यावर वरून पाणी ओतून परत कोनाड्यात ठेवायची.

तो कप वेगळा का ठेवतात, हे मला माहीत होतं. मी काही बोलले नाही. तेव्हा दहा वर्षांची होते म्हणा, पण पुढे तिशीची झाले, साठीची झाले, तरी बोलले नाही. या खेपेला तिची माफी मागायची, असं ठरवूनच बॅग भरली.

तेवीस तारखेला सकाळी सहाची बस धरली. नाताळात जाणार असाल तर आरक्षण पंधरा दिवस आधी करा आणि घाटात तासभर जास्तीचा धरून चाला. दादरला उतरले तेव्हा साडेदहा झाले होते. फिलूचा नवरा लॅन्सी घ्यायला आला होता. गोदीतल्या नोकरीतून निवृत्त झालेला, उंच, सदा घाईत असलेला माणूस.

"सरळ गिरगाव नाय हां वसू," टॅक्सीत बसताच तो म्हणाला. "मधे परळला थांबायचंय. पाहुणे घ्यायचेत आपले."

"कुठून आलेत?"

"वेंगुर्ल्याकडचे. अजून नीट ओळख नाय झालेली."

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलबाहेरचा फुटपाथ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. उपचारासाठी गावोगावहून आलेली कुटुंबं तिथे महिनोन्महिने राहतात. एका ताडपत्रीखाली सावंतकाका आणि काकू दोन पिशव्या घेऊन तयार बसले होते. काकूंच्या डोक्याला रुमाल, तोंडात उपचारानं फोड आलेले. काका शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून, एखाद्या लग्नाला निघाल्यासारखे. लॅन्सी दर वर्षी नाताळच्या आधी इथे येतो आणि एका कुटुंबाला दोन रात्रींसाठी घरी येता का विचारतो, हे मला तेव्हा कळलं. फिलूनं तीस वर्षांत हे कधी सांगितलं नव्हतं.

"पहिल्यांदा विचारलं की लोक घाबरतात," लॅन्सी मला हळूच म्हणाला. "वाटतं, हा किडनी काढणार."

"माका पण वाटला होता," पुढच्या सीटवरून काका म्हणाले आणि टॅक्सीवाल्यासकट सगळे हसलो.

लालबागला चिवडा गल्लीपाशी लॅन्सीनं टॅक्सी थांबवली. पुण्याला न्यायला चिवडा घ्यायचा तर इथूनच घ्या, पण सकाळी. दुपारनंतर उभं राहायला जागा नसते. मी उतरणार तेवढ्यात पलीकडून मसाला कुटल्याचा वास आला आणि काकूंनी पदर नाकाला लावला. लॅन्सीनं काही न विचारता काच वर केली आणि टॅक्सीवाल्याला म्हणाला, "चल भाई, आगे." माझा चिवडा राहिला. राहू दे.

वाडीत शिरलं की मुंबईचा आवाज मागे राहतो. अरुंद गल्ली, लाकडी जिने, प्रत्येक गॅलरीत कागदाची चांदणी. गल्लीच्या तोंडाशी मुलांनी गवत, माती आणि जुन्या खोक्यांचा गोठा उभारला होता. गव्हाण अजून रिकामी, बाळ येशूची मूर्ती चोवीसच्या रात्री ठेवतात. फिलूचं घर पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर आणि गॅलरी. आतल्या खोलीत एकच मोठा पलंग, त्यावर नवी चादर. तो काका-काकूंना. बाहेरच्या खोलीतला दिवाण मला.

"आणि तुम्ही दोघं?" मी विचारलं.

"गॅलरीत गादी टाकतो की. लॅन्सी घोरतो, तो बाहेरच बरा," फिलू म्हणाली. सांधेदुखीनं तिला जिना चढताना कठडा धरावा लागतो, हे मी नुकतंच पाहिलं होतं. मी दिवाण देऊ केला तर म्हणाली, "येशू जन्मला त्या रात्री मरियमेला नि जोसेफला कुणी जागा दिली नव्हती, ठाऊक आहे ना? सिस्टरनं दर वर्षी रडवलंय आपल्याला त्या गोष्टीनं. मग गप बस." शाळेत ही गोष्ट आम्ही दोघींनी ऐकली होती. मला ती पाठ होती. फिलू त्या गोष्टीत राहत होती.

चहाच्या वेळी मला स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची फळी दिसली. खाली ओळीनं खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एक कप, एकासारखा दुसरा नाही. फिलूनं एका नव्या पिवळ्या कपात कोमट दूध ओतून काकूंपुढे ठेवलं. बाकीच्यांचा चहा घरातल्या पांढऱ्या कपांतून आला.

काकूंनी पिवळ्या कपाकडे पाहिलं, मग आमच्या कपांकडे. हात मागे घेतला.

"माका वेगळो कप कित्याक?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "माझो आजार कोणाक लागाचो नाय."

पन्नास वर्षांपूर्वी मी जे बोलायला हवं होतं, ते या बाई बोलत होत्या.

"अहो काकू, तसं नाही हो!" फिलू कळवळली. तिनं खुंटीवरचा एक कप उतरवून उलटा धरला. तळाला ऑइलपेंटनं नाव लिहिलेलं होतं. दुसरा, तिसरा. "ही सगळी आमच्याकडे राहून गेलेली माणसं. जो पहिल्यांदा राहतो त्याचा कप. परत येईल तेव्हा त्यातच प्यायचं. तुमचं नाव दुधाच्या गडबडीत राहिलं, आत्ता लिहिते. काकांचा नि वसूचा कप अजून आणायचाय. ही आमच्या घरची रीत आहे आणि ती कोणाकडून आली सांगू? हिच्या आईकडून." तिनं माझ्याकडे बोट केलं. "मी लहान असताना यांच्याकडे राहिले, तर यांच्या आईनं मला खास वेगळा कप दिला. निळ्या फुलांचा. घरातल्या कोणाला तो नव्हता, फक्त मला. मी घरी जाऊन मम्मीला नाचत सांगितलं. त्याच आठवड्यात मम्मीनं पाहुण्यांसाठी पहिला कप आणला."

काकूंनी पिवळा कप दोन्ही हातांनी उचलला आणि ओठांना लावला.

माफी मागितली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, गॅलरीत फुग्यांचं पीठ मळताना. फुगे म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे, तळलेले गोल पाव. नाताळच्या जेवणात हवेतच. मी एका दमात सांगून टाकलं. कोनाडा, वरून ओतलेलं पाणी, माझं गप्प राहणं, सगळं.

फिलू पीठ मळत राहिली.

"मला ठाऊक आहे गं," ती म्हणाली. "मम्मीला त्याच दिवशी कळलं होतं. मला कळलं कॉलेजात. फार रडले. मम्मीला विचारलं, तू तेव्हा का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तू इतकी खुशीत आली होतीस, तुझ्याकडून ते काढून कशाला घ्यायचं? आणि तू जे समजलीस तसंच करावं माणसानं, म्हणून मी कप आणला."

"आणि माझ्यावर राग?"

"होता ना. दोन वर्षं तुला ख्रिसमस कार्ड नाही पाठवलं. तुझ्या लक्षातही आलं नाही!" तिनं पिठाचा हात माझ्या गालाला लावला. "आता पातेलं धर. चुकलं म्हणालीस, झालं. मैदा वाट बघत नाही."

त्या संध्याकाळी जेवणाआधी लॅन्सीनं प्रार्थनेत सगळ्या पाहुण्यांची नावं घेतली. सावंतकाकांचं, काकूंचं, माझं आणि शेवटी माझ्या आईचंही. काकूंना पेज, मला वालाचं बिरडं आणि फुगे, बाकीच्यांना त्यांचं सामिष. मी डोळे मिटून बसले होते. एवढं मोठं मन इतक्या लहान खोलीत कसं मावतं, एवढंच डोक्यात येत होतं.

निघताना माझा कप खुंटीवर टांगलेला दिसला. तळाला 'वसू'. आणि कपावर निळी फुलं.

पुण्याला पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सुनंदा कामाला आली. अकरा वर्षं ती माझ्याकडे स्वयंपाक करते. ती चहा गाळायला लागली आणि सवयीनं तिचा हात खिडकीकडे गेला. तिथे तिचा कप असतो. कान तुटलेला, एकटा, आमच्या कपांपासून लांब. अकरा वर्षं मी तो रोज पाहत आले आणि गिरगावला जाताना मला वाटत होतं की मी आईच्या चुकीची माफी मागायला चाललेय.

"ताई, माझा कप कुठाय? फुटला?"

"नाही, टाकला मी."

"का? चांगला होता की!"

मी कपाटातले सोनेरी काठाचे दोन कप काढून तिच्यापुढे ठेवले.

"हे पाहुण्यांचे ना?" ती म्हणाली.

"ओत त्यात. आणि बस."

ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. मुंबईच्या गोष्टी ऐकल्या, गव्हाण रिकामी का ठेवतात ते विचारलं. चहा संपला तशी आपला कप विसळायला उठली.

मी तो तिच्या हातातून घेतला. दोन्ही कप मी विसळले.