झोपवून ठेवलेल्या मशिनी

जालन्यातल्या मुलींच्या एका कॉलेजात संध्या कॉम्प्युटर लॅब सांभाळते. तिथं सगळ्यांमध्ये मिळून एकच मोठा सर्व्हर आहे. मुलींनी नाव टाकलं की तो प्रत्येकीसाठी आपल्याच पोटात एक वेगळा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, तयार करतो. त्याला पंधरा मिनिटं लागायची. तोवर पडद्यावर एक गोल फिरत राहायचा आणि दुपारच्या उन्हात सगळ्यांच्या नजरा कुठंतरी दूर निघून जायच्या.

एकदा वाटूरहून कॉलेजला येताना एसटीत संध्याचा डोळा लागला. स्वप्नात सर्व्हरच्या आत वीस मशिनी गाढ झोपल्या होत्या आणि ती एकेकीला हळूच हात लावून उठवत होती.

लॅबमध्ये पोचताच ती विभागप्रमुख गयासोद्दीन सरांना म्हणाली, "सर, तास कधी ते आपल्याला ठाऊकच हाये. मंग पहाटेच मशिनी बनवून झोपवून ठेवल्या तर?"

"सर्व्हर भरून जाईल ना?"

"झोपलेल्या मशीनला निस्ती डिस्कवर जागा लागते. मेमरी मोकळीच राहते."

"करून बघा. पण आधी पाचच."

आठवडाभर खटपट करून तिनं ते जमवलं. सोमवारी प्रीती नावाच्या विद्यार्थिनीनं नाव टाकलं आणि वीस सेकंदांत मशीन उघडली.

"मॅडम, ही माझीच हाये ना?" तिनं घाबरून विचारलं.

"तुझीच. कवाची वाट पाहून राह्यली."

त्या दिवशी पाच जणी सोडून बाकीच्यांना थांबावंच लागलं. महिन्याभरात मात्र सगळ्यांची सोय झाली. संध्या आता कधी कधी लवकर येते आणि रिकाम्या लॅबमध्ये झोपलेल्या मशिनींची यादी नुसती पाहत बसते.