चक्कीवाल्या काकांचा सकाळचा कार्यक्रम

या जगात रेडिओ ऐकणारे कोट्यवधी लोक असतील, पण रेडिओला ऐकवणारा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे आमचे चक्कीवाले काका. सत्तरच्या दशकात मी बर्डीच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. खाली पिठाची चक्की आणि वर मी. चक्कीच्या घरघरीने काकांचे कान जवळपास कामातून गेले होते, त्यामुळे त्यांचा रेडिओ पूर्ण आवाजात लागे आणि त्यांचा स्वतःचा आवाज त्याच्याही वर. गल्लीत आणखी रेडिओ होते, पण सकाळी ते लावण्याचा मूर्खपणा कोणी करत नसे. पिठाने पांढराफेक पडलेला तो रेडिओ फळीवर असा बसलेला असे की पाहुण्याला वाटावं, या घरात त्याचीच पूजा होते. आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

सकाळी एक कार्यक्रम लागायचा. दोन-चार गाणी, एखाद्या पाहुण्याची मुलाखत आणि शेवटी चिंतन. तो संपल्याशिवाय काका चक्कीचा पट्टा चढवत नसत. गव्हा-ज्वारीचे डबे घेऊन आलेल्या बायका पायरीवर ओळीने बसून राहत. नवऱ्याच्या डब्याला पोळ्या करायच्या आहेत असं एखादीने काकुळतीने सांगितलं, तर काका तिला आजच्या दिवस भात द्यायचा सल्ला देत. जवळपास दुसरी चक्की नव्हती, त्यामुळे हा सल्ला बऱ्याच नवऱ्यांना मानावा लागला. धंदा करावा तर असा, गिऱ्हाईकाने नाक मुठीत धरून यावं आणि वर ज्ञान घेऊन जावं.

ज्ञान मात्र पाहुण्याचं नव्हे, काकांचं. पाहुणा एक वाक्य बोलला की काका दोन बोलत. हृदयरोगाच्या डॉक्टरने तेल-तिखट कमी करा म्हटलं, तर याला कोणी सावजी रस्सा खाऊ घातलेला दिसत नाही, असं काकांनी जाहीर केलं. संत्र्याच्या बागांवर बोलणाऱ्या तज्ज्ञाला त्यांनी खतापासून फवारणीपर्यंत खोडून काढलं. स्वतः काकांनी जन्मात एक तुळस लावली होती, आणि तीही काकूंनी पाणी घातलं म्हणून जगली. पण पाहुणा उलट उत्तर देत नाही, अर्थात त्याला आपलं म्हणणं पटलं, असा काकांचा सरळ हिशोब. पाहुणा या घटकेला सिव्हिल लाइन्समधल्या रेडिओ केंद्रात खुर्चीवर बसून, चहा पीत बोलतो आहे, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. खरं सांगायचं तर मलाही नव्हती.

गाणी लागली की काका चक्कीच्या गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायला बसत. छिन्नी-हातोडीचा तो ठोका गाण्याच्या तालाशी कधी जुळला, असं मला आठवत नाही. काकांच्या मते चूक तबलजीची असे. एकूणच तबलजी या जातीवर त्यांचा राग होता. आणि शेवटचं चिंतन म्हणजे तर त्यांची मेजवानी. सत्य, संयम, परोपकार, काहीही विषय असो, ते निवेदकाला मध्येच थांबवून स्वतःचं चिंतन सुरू करत. एकदा क्षमेवर चिंतन होतं. काका म्हणाले, "माफी काय तिळाची रेवडी हाये का, आला त्याले वाटाले?" पायरीवरच्या बायकांनी माना खाली घातल्या आणि काकू आत निघून गेल्या.

त्याचं कारण गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. काकांना एकच मुलगी, गोड गळ्याची. ती एका तबला वाजवणाऱ्या मुलाशी लग्न करून अकोल्याला गेली, तेव्हापासून काकांनी तिला घराचं दार बंद केलं होतं. जात काढली, पोटापाण्याचं काढलं, ठोके मारून कोणाचा संसार झाला आहे का, असंही विचारलं. हे विचारताना त्यांच्या हातात हातोडी होती, पण ते कोण बोलणार! घरात मुलीचं नाव काढायची चोरी झाली. काकूही काढत नसत. फक्त दिवाळीला अनारसे करताना तिच्या वाटणीचे करत, आणि मग ते आणून माझ्या हातावर ठेवत. मी मुकाट्याने खात असे.

अशात एका सकाळी निवेदकाने उद्याच्या पाहुणीचं नाव सांगितलं. अकोल्याच्या गायिका. आडनाव सासरचं होतं, पण नाव ऐकताच काकू हातातला चहा तिथेच ठेवून रेडिओसमोर येऊन उभ्या राहिल्या. काकांनी त्या दिवशी चिंतन केलं नाही. उद्या रेडिओ बंद राहील एवढंच म्हणाले आणि पट्टा चढवला. दिवसभर गल्लीत दुसरा विषय नव्हता. बाप ऐकेल की नाही, यावर पानठेल्यावर पैजा लागल्या.

दुसऱ्या दिवशी चक्कीवर एवढी गर्दी होती, की साऱ्या बर्डीचं पीठ एकाच रात्रीत संपलं असावं. कित्येक डबे रिकामे होते. काका सगळ्यांकडे पाठ करून दगडाला टाकी लावत होते. वेळ झाली तशा काकू पदर खोचून पुढे आल्या आणि त्यांनी रेडिओचं बटण फिरवलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी त्या रेडिओला हात लावला असेल. काका टाकी लावतच राहिले.

मुलीचा आवाज आला. निवेदकाने पहिला गुरू कोण, असं विचारलं, तर ती म्हणाली, "आमची चक्की. तिच्या घरघरीवर मी सा लावायची." बायका हसल्या. मग त्याने आईवडिलांबद्दल विचारलं. ती म्हणाली, "मी बाबांचं मन मोडून गेले. त्यांचा राग बरोबर होता. चूक माझीच होती."

आजवर एकाही पाहुण्याला काकांनी बिनविरोध जाऊ दिलं नव्हतं. त्यांची हातोडी खाली पडली. ते रेडिओकडे वळले आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे मोरभवनच्या बसस्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गलत. साफ गलत बोलून राहिली तू. चूक माही होती."

काकू तेवढ्या म्हणाल्या, "रेडिओले काहून सांगता? तिले जाऊन सांगा ना."

काकांना ते एकदम पटलं. तिचं भजन सुरू झालं होतं. ते संपायच्या आत पोचलं पाहिजे म्हणून त्यांनी मला सायकल काढायला लावली. ते पिठाने माखलेलं धूड कॅरिअरवर घेऊन मी सिव्हिल लाइन्सपर्यंत पायडल मारलं. वाटेत लोक मला रस्ता देत होते, भूत बसलेल्या सायकलला कोण अडवणार? रेडिओ केंद्राच्या फाटकावर चौकीदार उभा होता. काकांनी धापा टाकत आपल्या मुलीला बाहेर बोलवायला सांगितलं. तो बिचारा सभ्य होता. त्याने समजावलं, की बाबूजी, हे सगळं आधीच टेप करून ठेवतात. बाई मागच्या हप्त्यात आल्या, गाऊन गेल्या.

इतकी वर्षं आपण टेपशी भांडत होतो, हे काकांच्या डोक्यात शिरलं असेल की नाही, देव जाणे. मला हसू येणार होतं, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि ते जागच्या जागी विरलं. त्यांचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर होतं. पोरगी या गावात आली होती, इथून घर सायकलच्या टप्प्यावर, आणि ती तशीच परत गेली. ते मला म्हणाले, "आली होती तं घरी काहून नाही आली गा?" या प्रश्नाचं उत्तर त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी सायकल स्टेशनकडे वळवली. ते तसेच, पिठाच्या कपड्यांत, अकोल्याच्या गाडीत चढले.

तिथे काय झालं, हे काकांनी कधीच सांगितलं नाही. त्यानंतर मुलगी-जावई येऊ लागले, आणि मला अनारसे माझ्या स्वतःच्या वाटणीचे मिळू लागले. अकोल्याची हकीकत काकूंनी सांगितली ती काका गेल्यावर, तेराव्याला आलेली माणसं परतली तेव्हा. मुलीने दार उघडलं, तर समोर बाप. आत या म्हटलं तरी येईना. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "रेडिओवर बोलली ते गलत होतं." तिला काही कळेना. आपण काय बोललो, हे ती आठ दिवसांत विसरूनही गेली होती. तिने विचारलं, काय गलत होतं, बाबा? मग त्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. दार कसं बंद केलं, काय काय बोललो, सगळं. आणि हळू बोलणं त्यांच्या कानांना ठाऊकच नव्हतं. शेजारपाजारचे लोक बाहेर येऊन उभे राहिले, जावई तबला सोडून धावत आला, मुलगी हात जोडून हळू बोला म्हणत होती, आणि ते थांबायला तयार नव्हते.

"जन्मात एकदा माफी मांगली गा माणसानं," काकू म्हणाल्या, "ते बी अख्ख्या गल्लीले ऐकू गेली." एवढं बोलून त्या हसायला लागल्या. मुलगी त्यांच्याजवळ बसली होती, तीही हसली. मग दोघींनी एकाच पदराने डोळे पुसले, आणि मी उगाच उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलो.