नाशिकची ओळ

पाचवीत शाळा सुटली तेव्हा माझ्या भूगोलाच्या पुस्तकाची निम्मी पानं उलटायचीच राहिली होती. देशाचा नकाशा मी पुढं शिकले तो निपाणीहून चिकोडीकडं जाणाऱ्या रस्त्याकाठी, विहिरीजवळच्या चार ओळींत.

त्या चार ओळी द्राक्षांच्या. पहिली हैदराबादची, तिचे मणी लांबट नि मोठे. दुसरी बेंगळूरची, काळीनिळी, जाड सालीची, जिभेला आंबट. तिसरी तासगावची, बिनबियांची. आणि चौथी नाशिकची. वेलांच्या जातींची नावं काहीही असोत, मळ्यात सगळे गावांच्याच नावानं बोलायचे. "बेंगळूरला पाणी सोडलं का?" "हैदराबादवर भुरी दिसतीया, गंधक मारायला पायजे." ऐकणाऱ्याला वाटावं, इथं बसून सगळा देश चालवतात.

माझा नवरा अण्णांच्या तंबाखूच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. अण्णा म्हणजे तिथले जैन शेतकरी, घरात कानडी बोलणारे, आमच्याशी मराठी. सत्तर सालानंतरची ती वर्षं. सगळा शिवार तंबाखूचा, पण अण्णांना द्राक्षाचा नाद लागला. ट्रक जाईल तिथून काड्या यायच्या. छाटायचं कुठं, ठेवायचं काय, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. मला होतं. मी निफाडकडची, शाळा सुटल्यापासून बागांतच वाढलेली. एकदा कुंपणाशी उभी राहून चुकून बोलून गेले, "डोळा वर ठेवून लावा, काडी उलटी लावलीय." अण्णांनी मागं वळून पाहिलं नि हातातली काडीच माझ्यापुढं धरली. ड्रायव्हरच्या बायकोच्या हाती कुणी अशी बाग देतं का? त्यांनी दिली. ते मी अजून विसरले नाही.

चौथ्या ओळीच्या काड्या मी माहेराहून आणल्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून, चार एस्ट्या बदलून, मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "बाळ झोपलंय का?" मी हो म्हणाले. ती ओळ फुटली तेव्हा निपाणीत पहिल्यांदा मला परकं वाटेनासं झालं.

पण अण्णांचे भाऊबंद कुरकुरायचे, चांगली तंबाखूची जमीन वाया घालवली म्हणून. शेवटी अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "एक बहर बघू. न्हाय आला तर उपटून परत तंबाखू." बाग गेली तर मी पुन्हा नुसती ड्रायव्हरची बायको, आणि माहेरची ती ओळ चुलीत.

दसऱ्याच्या सुमाराला छाटणी केली. दिवाळीपर्यंत फुटी हातभर झाल्या, पानाआड मोहरीच्या दाण्यांसारखे हिरवे झुपके दिसायला लागले. वेल तारेला बांधायला काहीतरी मऊ हवं होतं, म्हणून मी नि नवरा ट्रक घेऊन बेळगावला वडगावात गेलो. तिथं घरोघर माग. मागावरच्या साड्यांच्या कापून टाकलेल्या काठांच्या पट्ट्या पोतंभर मिळाल्या, लाल, जांभळ्या, मोरपंखी. जाताना मळ्यातल्या बायकांना सांगून गेले होते, "नाशिकपासून सुरू करा. वरचे शेंडे तेवढे खुडा."

दुपारी परत आले तर बायकांची म्होरकी बांधावरनंच ओरडली, "ए नाशिकवाले, बघ की तुझी ओळ कशी लखलखीत केलीया! एक तुरा ठेवला न्हाय!"

मी खाली पाहिलं. ओळभर हिरवे झुपके पडलेले.

त्याच आठवड्यात शेजारच्या रानात त्या तंबाखूचे तुरे खुडत होत्या. तंबाखूत फूल म्हणजे वैरी. फूल ठेवलं की पान बारीक पडतं. लहानपणापासून त्यांच्या हातांना तेच ठाऊक. शेंडा तर त्यांनी खुडलाच, वर दिसेल ते फूलही मन लावून वेचून काढलं.

"अहो, तेच तर द्राक्ष होतं!" माझा आवाज फाटला.

म्होरकीनं एक झुपका उचलून उन्हात धरला, डोळ्यांजवळ नेला. "ह्ये? ह्येचं द्राक्ष हुतंय?" मग कुणीतरी मागून म्हणालं, "द्राक्षाचं पान न्हाय का गं खपत बाजारात?" आणि रडवेल्या तोंडानं का होईना, मीही हसले.

पण अण्णांना सांगायचं होतं. त्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायची. मी दारात उभी राहिले तेव्हा ते पाटावर होते नि आक्का, म्हणजे अण्णांच्या घरच्या, भाकरी वाढत होत्या. मी एका दमात बोलून टाकलं. "चूक माझी आहे अण्णा. तोंडानं सांगितलं, हातानं दाखवलं नाही. नाशिकच्या ओळीला यंदा एक मणी येणार नाही."

अण्णा घास चावत राहिले. चूळ भरली. मग म्हणाले, "मी एक बहर म्हणालतो. ओळी मोजलत्या का?"

"त्या तीन तरी धड आण," आक्का म्हणाल्या, "आणि आधी जेव. तोंड बघ कसं झालंय तुझं, उन्हात टाकलेल्या पानागत."

पुढचे चार महिने मी रोज उजाडताच त्या तीन ओळींत. ढग आले की आभाळाकडं बघत उभी, धुकं पडलं की पानं उलटून बघत. म्होरकी म्हणायची, "येलापेक्षा तूच वाळाय लागलीस की गं." पण दुसऱ्यांदा फुटी खुडायची वेळ आली तेव्हा तिनं माझा हात धरून विचारलं, "दाव. कुठनं?" प्रत्येक बाईला मी हातानं दाखवलं.

फाल्गुनात घड उतरवले. तंबाखू तोडून बायकांच्या हातांना काळा चीक बसलेला. त्या हातानं काहीही खा, कडूच लागतं. म्हणून आक्कांनी विहिरीवर चिंचेचा कोळ ठेवला, सगळ्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. पहिला घड बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन देवळात, देवापुढं गेला. दुसरा अण्णांनी म्होरकीच्या हातावर ठेवला. तिनं एक मणी तोंडात टाकला, डोळे मिटले. "आयुष्यभर पानं तोडली," म्हणाली, "पर तोडलेलं खाता आलं ते आजच."

बेंगळूरच्या ओळीसाठी एक व्यापारी आला होता. ही काळी द्राक्षं वाईनला चालतात म्हणाला, तिकडं बेंगळूरला त्यासाठीच लावतात. अण्णा हसून म्हणाले, "आमच्यात ते चालत न्हाय बघा." मग त्या ओळीचं आक्कांनी सरबत केलं. मळ्यातल्या सगळ्यांनी तांब्या-तांब्यानं प्यालं, जांभळ्या ओठांनी एकमेकांना हसत.

बाकीच्या पाट्या आम्ही बेळगावला टिळकवाडीत बंगल्या-बंगल्यांनी फिरवल्या. एका मास्तरीणबाईंनी विचारलं, "कुठली हो?"

"निपाणीची."

"निपाणीला तर तंबाखू!"

"आता हीसुद्धा," मी म्हणाले, आणि मान उगाच ताठ झाली.

पाट्या रिकाम्या करून परतलो तर विहिरीजवळ नव्या तारांची भेंडोळी पडली होती. उपटायचं कुणी बोललंच नाही.

पुढच्या वर्षी नाशिकची ओळ अशी लगडली, की तारेला टेकू द्यावे लागले. कोवळ्या वेलावर वर्षभर ओझं नव्हतं, सगळा जोर खोडात उतरला होता. मी हे समजावून सांगायच्या आत म्होरकीनं सगळं श्रेय घेऊन टाकलं. "आमच्या हाताचा गुण हाय ह्यो."

त्यानंतर दरवर्षी दिवाळी आली, की ती बांधावर कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायची, "नाशिकवाले, औंदा कुठलं गाव खुडायचं?"

बायका हसायच्या, अण्णाही हसायचे. मीही हसायचे. आणि दिवस मावळेपर्यंत ओळीच्या तोंडाशी उभी राहायचे, उगाच आपली खात्री असावी म्हणून.