बत्तीस वर्षांचे चाचा

आष्टीच्या बसस्टँडबाहेर सीताफळं विकणारे चाचा सत्तरीचे तरी असतील. गिऱ्हाईक नसलं की मोबाईल तोंडाशी धरून सावकाश बोलायचे, मग उमटलेली अक्षरं चष्मा वर करून तपासायचे. तिशीतली पोरं आपण म्हातारे झालो म्हणून स्वतःचीच थट्टा करतात, अशा एका ग्रुपवर ते लिहायचे. एकदा त्यांनी मला दाखवलं: "चप्पल घालाया वाकलो, वर यायची वाटच इसरलो." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागलेली. वय मात्र बत्तीस सांगितलेलं.

"बत्तीस कावून, चाचा?"

"खरं सांगितलं की हसत न्हाईत, बाबा. 'काळजी घ्या' म्हणत्यात अन् गप व्हत्यात."

कमरेवर हात ठेवून ते कसेबसे उठले. माझ्या तोंडून निघून गेलं, "जपून, चाचा."

त्यानंतर त्यांनी मला मोबाईल कधी दाखवला नाही.